महाधमनी ‘सामान्य’ म्हणजे किती मिलिमीटर?

प्रति,
महाधमनीच्या तपासणीचे नियम ठरवणाऱ्या समित्यांमधले तज्ज्ञ,
पोटाची सोनोग्राफी करून अहवाल लिहिणारे डॉक्टर,
आणि सिगारेटच्या पाकिटावर कोणता इशारा छापायचा हे ठरवणारे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

माझ्यासमोर दोन कागद आहेत. पहिला चार वर्षांपूर्वीचा. पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला सोनोग्राफी केली होती, तिचा अहवाल. यकृत किती सेंटिमीटर, दोन्ही मूत्रपिंडं किती, प्लीहा किती, सगळं मोजून लिहिलंय. शेवटून दुसऱ्या ओळीत महाधमनी येते, म्हणजे हृदयातून निघून पोटात उतरणारी मुख्य रक्तवाहिनी. तिच्यापुढे एकच शब्द आहे, ‘सामान्य’. दुसरा कागद यंदाचा. त्यात मूत्रपिंडांच्या खाली महाधमनी ४१ मिलिमीटर रुंद झाल्याचं लिहिलंय. तिथे ती साधारण २० मिलिमीटर असते, बायकांत थोडी कमीच. ३० च्या पुढे गेली की तिला फुगवटा म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत अ‍ॅन्युरिझम.

फुगवटा वाढत गेला तर फुटू शकतो. मग चार वर्षांपूर्वी माझी महाधमनी किती होती? ३५ असेल, तर वाढ वर्षाला दीड मिलिमीटर. संथ आहे, नेहमीची आहे, पण मग ती तेव्हाच ‘सामान्य’ नव्हती. २२ असेल, तर ती खरोखर सामान्य होती, पण मग वाढ वर्षाला जवळजवळ पाच मिलिमीटरची आहे आणि मला झोप न येण्याचं चांगलं कारण आहे. माझ्या सर्जनना हेच हवं होतं. मी जुना कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, मागची बाजूही पाहिली आणि काही न बोलता परत दिला. ४१ मधून ‘सामान्य’ वजा करता येत नाही.

त्या एका शब्दाविषयी चार ओळी लिहाव्यात म्हणून बसले होते. लिहायला लागल्यावर बाकीचंही वर आलं.

मी ६३ वर्षांची आहे. ३१ वर्षं सिगारेट ओढली. दिवसाला तीन, क्वचित चार. तेवढ्याच ओढते म्हणून मी स्वतःला कधी ‘ओढणारी’ समजलेच नाही. ५२ व्या वर्षी आमवात झाला. सकाळी उठल्यावर मूठ वळत नसे, कपाची कडी धरवत नसे. साठीला सिगारेट सोडली. पत्राखाली नाव घालत नाही, कारण घरातल्या काही माणसांना माझ्या सिगारेटीचं अजून माहीत नाही आणि ते त्यांना छापील कागदावरून कळू नये.

आमवाताच्या या ११ वर्षांत मी किती डॉक्टरांसमोर बसले याची मोजदाद नाही. ‘तुम्ही सिगारेट ओढता का?’ हे मला विचारलं एकाच डॉक्टरांनी, तेही भूल देण्याआधी. माझ्या नवऱ्याला मात्र हा प्रश्न दातांच्या दवाखान्यातही विचारतात. त्यानं जन्मात एक झुरका घेतलेला नाही. बाई आहे म्हणजे ओढत नसणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. मीही आपणहून सांगितलं नाही, यात माझी चूक आहेच. पण लपवणारा रुग्ण हा डॉक्टरांना काही नवा नसतो, आणि प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात.

आता मूळ गोष्टीकडे येते. माझी बोटं आणि माझी महाधमनी ही दोन वेगळी दुखणी आहेत असं मी कालपरवापर्यंत समजत होते. मग वाचायला लागले.

महाधमनीच्या भिंतीत इलास्टिन नावाच्या प्रथिनाचे पदर असतात, एकावर एक. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ते ताणतात आणि पुन्हा जागेवर येतात. छातीत असे पन्नास-साठ पदर असतात. पोटात, मूत्रपिंडांच्या खाली, जेमतेम तीसच उरतात, आणि फुगवटा बहुतेकदा तिथेच येतो. हे इलास्टिन शरीर मुख्यतः आईच्या पोटात आणि बालपणी विणतं. मोठेपणी नवं जवळजवळ विणलं जात नाही. जे असतं ते टिकाऊ असतं, निम्मं झिजायला सत्तरेक वर्षं लागावीत इतकं. पण विरलं की विरलं. कापड विरतं तसंच. फाटलेलं लगेच दिसतं, विरलेलं मात्र उजेडासमोर धरल्याशिवाय कळत नाही.

धुरानं ते कसं विरतं? फुप्फुसात धूर गेला की मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी चवताळतात आणि इलास्टिन कातरणारी विकरं (एन्झाइम) सोडतात. एरवी या विकरांना आवरायला रक्तात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचं प्रथिन असतं. धूर त्यालाही दुबळं करतो. महाधमनीच्या भिंतीतही अशाच पेशी जमलेल्या सापडतात, तशीच विकरं सापडतात. इलास्टिनचे कातरलेले तुकडे पुन्हा नव्या पेशींना बोलावून घेतात, आणि त्या आल्या की कातरकाम वाढतं.

इथपर्यंत ही झीजच म्हणायची. पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. प्रतिकारशक्तीचं कामच असं की मोडतोड दिसली की कुणी केली ते शोधायचं, आणि कधीकधी ती मोडलेल्या वस्तूलाच गुन्हेगार ठरवते. २००७ साली ह्यूस्टनच्या संशोधकांनी धूम्रपानानं एम्फिसीमा (फुप्फुसातले हवेचे कप्पे मोडण्याचा आजार) झालेल्या रुग्णांत स्वतःच्याच इलास्टिनविरुद्ध उठलेल्या टी पेशी आणि प्रतिपिंडं दाखवली. फुप्फुस आणि महाधमनी, दोन्हींना लवचीकपणा देणारं प्रथिन हेच. शस्त्रक्रियेत काढलेल्या फुगवट्याच्या भिंतीत टी पेशी, बी पेशी आणि प्रतिपिंडं साठलेली आढळतात. उंदरांवरच्या प्रयोगांत फायब्रिनोजेन या स्वतःच्याच प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं भिंतीत जाऊन बसतात आणि आग पेटवतात, असंही दिसलं आहे. काही फुगवट्यांत तर दाह इतका असतो की भिंत जाड, पांढरट होऊन शेजारच्या आतड्याला आणि मूत्रवाहिनीला चिकटते. त्यांना दाहक फुगवटा हे वेगळं नाव १९७२ पासून आहे. असे रुग्ण जवळजवळ सगळे धूम्रपान करणारे असतात.

महाधमनीचा प्रत्येक फुगवटा हा स्वयंप्रतिकार आजार आहे, असं मी म्हणत नाही. संशोधकांतही तसं एकमत नाही. आधी झीज की आधी हल्ला, हा वाद चालू आहे. पण प्रतिकारशक्ती महाधमनीवर उलटू शकते यात वाद नाही. ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९०८ साली ज्या आजाराची नोंद केली तो हाच प्रकार, आणि तो मुख्यतः तरुण मुलींना होतो.

आमवाताचं गणित तर याहून पक्कं आहे. धुरानं फुप्फुसातल्या प्रथिनांत सिट्रुलिनेशन नावाचा रासायनिक बदल होतो. बदललेली प्रथिनं काही जणांच्या प्रतिकारशक्तीला परकी वाटतात, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनतात, आणि काही वर्षांनी सांधे सुजतात. अँटी-सीसीपी ही चाचणी आपण करतो ती याच प्रतिपिंडांची. २००६ साली स्वीडनमधल्या अभ्यासात दिसलं की विशिष्ट जनुक आई-वडील दोघांकडून आलेल्या आणि सिगारेट ओढणाऱ्या माणसाला या प्रकारच्या आमवाताचा धोका, ते जनुक नसलेल्या आणि न ओढणाऱ्याच्या तुलनेत, २१ पट असतो. माझी अँटी-सीसीपी चाचणी ११ वर्षांपूर्वी जोरदार पॉझिटिव्ह आली होती. तेव्हा मला एवढंच विचारलं गेलं की घरात कुणाला आहे का.

माझी पहिली तक्रार तर वर येऊन गेली, अहवालातल्या शब्दाची. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना कामाचा किती रेटा असतो ते मी बाकावर बसून पाहिलंय. पण महाधमनी तशीही पडद्यावर दिसत असते. दोन टोकांवर खुणा ठेवल्या की आकडा येतो. त्यात किरणोत्सर्ग नाही, सुई नाही. आणि वायूमुळे ती दिसली नसेल तर ‘दिसली नाही’ असं लिहावं. न दिसलेल्या गोष्टीलाही ‘सामान्य’ लिहिण्याची सवय मला सगळ्यात धोकादायक वाटते, कारण ती वाचून पुढचा डॉक्टर निर्धास्त होतो.

दुसरी तक्रार समित्यांकडे. २०१९ साली अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कार्यदलानं आपली शिफारस पुन्हा तपासली. ६५ ते ७५ वयाच्या, आयुष्यात कधीही सिगारेट ओढलेल्या पुरुषांची एकदा सोनोग्राफी करावी, असं त्यात आहे. ‘कधीही ओढलेला’ म्हणजे सबंध आयुष्यात १०० सिगारेटी. त्याच वयाच्या, सिगारेट ओढलेल्या बायकांपुढे मात्र ‘पुरावा अपुरा’ असं लिहिलंय. इंग्लंडमध्ये २००९ पासून ६५ व्या वर्षी बोलावणं जातं ते पुरुषांना, स्वीडनमध्येही पुरुषांनाच. मी माझा हिशेब केला. रोजच्या तीन धरल्या तरी ३१ वर्षांत ३३ हजारांच्या वर. शंभर ओढून सोडून दिलेला गृहस्थ यादीत आहे. मी दोन वर्षांनी ६५ ची होईन तेव्हाही यादीबाहेरच असेन.

पुरावा अपुरा का, तर गोळा केला नाही म्हणून. ज्या मोठ्या ब्रिटिश चाचणीनं सोनोग्राफीचा फायदा सिद्ध केला, २००२ साली जिचे निष्कर्ष आले, तिच्यात ६७,८०० माणसं होती. चार वर्षांत फुगवट्यानं होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी घटले. तिच्यात एकही बाई नव्हती.

तुम्ही मला इंग्लंडमधल्या चिचेस्टरची आठवण द्याल. द्या. तिथल्या चाचणीत ९,३४२ बायका होत्या आणि त्यांना तपासणीचा फायदा दिसला नाही, हे खरं आहे. पण त्यात ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या सगळ्या एकत्र मोजल्या होत्या, आणि हा आजार त्या दोघींना सारखा होत नाही. स्वीडनमध्ये ७० वर्षांच्या पाच हजारांवर बायकांची सोनोग्राफी झाली तेव्हा कधीच न ओढलेल्यांत फुगवट्याचं प्रमाण ०.०३ टक्के निघालं आणि ओढत असलेल्यांत २.१ टक्के. त्याच देशात ६५ वर्षांच्या पुरुषांत ते १.७ टक्के होतं, आणि त्या पुरुषांना सरकार पत्र पाठवून बोलावतं. वयात पाच वर्षांचं अंतर आहे, त्या पाहणीत ओढणाऱ्या बायका थोड्या होत्या, दोन्ही कबूल. तरी हे आकडे समोर असताना तुम्ही चाळणी लावायला लिंगच का निवडता, हे मला कळत नाही.

शिवाय बाईचा फुगवटा लवकर फुटतो. २०१३ साली अनेक देशांतल्या लहान फुगवट्यांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या. तेवढ्याच आकाराच्या फुगवट्यात फुटण्याचं प्रमाण बायकांत पुरुषांच्या जवळजवळ चौपट होतं. चालू धूम्रपान असेल तर दुप्पट. बायकांत शस्त्रक्रियेचा धोकाही जास्त, कारण आमच्या धमन्या बारीक असतात आणि मांडीतून नळी घालून आत अस्तर बसवण्याची जी सोपी पद्धत आहे तिच्यात कमी बायका बसतात. म्हणजे उशिरा कळलं तर आम्हाला मार्गही कमी. हे वाचून मला वाटलं होतं की बायकांसाठी नियम जास्त कडक असतील.

(गंमत म्हणजे मधुमेह असलेल्यांत हा फुगवटा कमी आढळतो. मला मधुमेह नाही. तो नाही म्हणून मी अकरा वर्षं देवाचे आभार मानत होते.)

पाकिटावरच्या इशाऱ्याबद्दल थोडक्यात लिहिते. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००४ च्या अहवालात धूम्रपानामुळे पोटातल्या महाधमनीला फुगवटा येतो, हे कारण म्हणून स्पष्ट नोंदवलंय. २०१४ च्या अहवालात आमवातही आला. तुमच्या चित्रांत मात्र मी नेहमी फुप्फुस पाहिलं, घसा पाहिला, दात पाहिले. रक्तवाहिन्यांचा उल्लेख आलाच तर ‘धमन्या तुंबतात’ असा. माझी महाधमनी तुंबलेली नाही. रक्त तिच्यातून उत्तम वाहतं, कुठे दुखत नाही, दम लागत नाही. ती विरलीय. तुंबण्याची भीती दाखवून या आजाराची कल्पना येत नाही, उलट पाय दुखत नाहीत ना, छाती भरत नाही ना, मग आपण सुटलो, असं वाटतं. मला तसंच वाटत होतं.

सोनोग्राफीच्या दवाखान्यात बाकावर शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांचा फुगवटा ४८ मिलिमीटर होता, तिसऱ्यांदा मोजायला आले होते. शर्टाच्या खिशात पाकीट होतं, चौकोनी, कापडातून दिसत होतं. मी नको तिथे बोलते, तशी बोलले. ते म्हणाले, ‘छातीचा फोटो स्वच्छ आलाय हो माझा. हा पोटाचा प्रॉब्लेम आहे.’ त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तिन्ही वेळा फक्त पुढची तारीख दिली होती.

याचा मला सगळ्यात जास्त राग आला, आणि का ते सांगते. फुगवट्याची वाढ थांबवणारं औषध आज नाही. रक्तदाबाच्या गोळ्या करून झाल्या. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक कातरणारी विकरं रोखतं म्हणून फार आशा होती, २०२० साली मोठ्या चाचणीत तेही उपयोगाचं ठरलं नाही. शस्त्रक्रिया मात्र कुठल्या कुठे गेली. १९४८ साली आइन्स्टाइनच्या महाधमनीवर सर्जन निसेन यांना सेलोफेन गुंडाळण्यापलीकडे काही करता आलं नव्हतं. पाइप ओढणारे आइन्स्टाइन १९५५ साली त्याच फुगवट्यानं गेले. १९५१ साली पॅरिसमध्ये द्युबो यांनी फुगलेला भाग काढून तिथे दात्याची धमनी जोडली. १९९० साली ब्वेनोस आयरेसमध्ये पारोदी यांनी पोट न उघडता आतून अस्तर बसवलं. पण हे सगळं साधारण ५५ मिलिमीटर झाल्यावर, बायकांत ५० ला. तोवर रुग्णाच्या हातात फुगवट्याला आवर घालणारी एकच गोष्ट आहे, सिगारेट सोडणं. ओढत राहिलेल्यांचा फुगवटा सोडलेल्यांपेक्षा लवकर वाढतो. ही एकच गोष्ट त्या गृहस्थांना तीन भेटींत कुणी सांगितली नाही.

आणखी एक तक्रार आहे, पण तिला पुरावा नाही. माझे वडील ६८ व्या वर्षी गेले. रात्री पाठीत, डाव्या कुशीत कळ आली. मुतखडा म्हणून इंजेक्शन दिलं. पहाटे घाम फुटला, रक्तदाब उतरला आणि तासाभरात संपलं. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडून असं आहे. शवविच्छेदन झालं नाही. ते माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ओढत. माझ्या सर्जननी पहिल्याच भेटीत ‘वडील कसे गेले?’ असं विचारलं आणि मी सांगत असताना त्यांचं लिहिणं थांबलं. मग म्हणाले की साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच मुतखडा झाला असं वाटलं की महाधमनी आधी बघावी, असं ते शिकवताना सांगतात. वडिलांना तेच झालं होतं असं मी म्हणू शकत नाही. फुटलेल्या फुगवट्याचे सुमारे ८० टक्के रुग्ण वाचत नाहीत, बरेचसे दवाखान्यापर्यंतही पोचत नाहीत. त्यातल्या कितींच्या दाखल्यावर हृदय लिहिलं जातं, हे तुम्हालाच विचारायचंय.

सर्जननी माझ्या दोन भावांनाही तपासून घ्यायला सांगितलं. धाकट्याची महाधमनी २१ मिलिमीटर निघाली, मोठ्याची २४. दोघांच्याही अहवालात आकडा आहे, कारण ते आकडाच मागायला गेले होते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पोटाची सोनोग्राफी कशासाठीही झालेली असो, वय पन्नाशीपुढे असेल तर अहवालात महाधमनीचा जास्तीत जास्त व्यास मिलिमीटरमध्ये लिहा. भिंतीच्या बाहेरून बाहेर मोजला की आतून आत, तेही लिहा. दोन्हींत काही मिलिमीटरचा फरक पडतो आणि पुढच्या खेपेला दुसरं कुणी दुसऱ्या पद्धतीनं मोजलं तर नसलेली वाढ दिसते किंवा असलेली लपते. दिसली नाही तर तसं लिहा.

तपासणीच्या नियमांत सिगारेट ओढलेल्या आणि ओढत असलेल्या बायकांना घ्या. लगेच सगळीकडे जमणार नसेल तर निदान त्यांचाच वेगळा अभ्यास सुरू करा, आणि तो पुरा होईपर्यंत मागेल त्या बाईला ही तपासणी नाकारू नका. ज्यांच्या सख्ख्या नात्यात फुगवटा आहे त्यांनाही. उगाच घबराट होईल, लहान फुगवटे सापडून माणसं काळजीनं खंगतील, हा तुमचा आक्षेप मी वाचलाय. मी त्या काळजीत आहे. रात्री पोटावर हात ठेवून ठोके मोजते. तरीही चार वर्षांपूर्वी कळलं असतं तर मी साठीची वाट न बघता त्याच दिवशी सिगारेट सोडली असती. त्या एका वर्षाला किती किंमत द्यायची ते माझं मला ठरवू द्या.

संधिवाताच्या दवाखान्यात प्रत्येक नव्या रुग्णाला, बाई असो की पुरुष, धूम्रपानाबद्दल विचारा, आणि उत्तर ‘हो’ असेल तर पुढचे प्रश्नही विचारा. किती वर्षं, हे विशेष. रोजच्या सिगारेटींच्या संख्येपेक्षा ओढण्याची वर्षं फुगवट्याच्या आजारात जास्त मोजली जातात. दिवसाला तीनच ओढणाऱ्यांचा गैरसमज तिथेच दूर होईल. माझी सीआरपी (रक्तातून दाह दाखवणारी चाचणी) दर तीन महिन्यांनी पाहिली जाते, बोटांचे एक्स-रे काढले जातात, यकृत तपासलं जातं. आमवातात रक्तवाहिन्यांचे आजार जास्त होतात हे तुम्हीच शिकवता. मग अकरा वर्षांत एकदा पोटाकडेही वळायला हरकत नव्हती.

लहान फुगवटा सापडलेला जो रुग्ण अजून ओढतो, त्याला पुढची तारीख देताना त्याच कागदावर सिगारेट सोडवायला कुठे, कुणाकडे जायचं हेही लिहून द्या. ‘सोडा’ एवढं म्हणणं म्हणजे मदत नव्हे. मी तीनदा सोडली आणि दोनदा परत धरली. तिसऱ्यांदा सुटली ती निकोटिनचे पॅच आणि दर आठवड्याला फोन करणारी एक समुपदेशक यांच्यामुळे.

आणि पाकिटावर कधीतरी महाधमनी येऊ द्या. चित्र रक्ताळलेलं नको. एका बाजूला २० मिलिमीटरचं वर्तुळ काढा, शेजारी ५५ चं, आणि खाली लिहा की दुखत नाही.

मला वेगळं उत्तर पाठवण्याची गरज नाही. माझी पुढची सोनोग्राफी वर्षभरानं आहे. तोवर तुमच्यापैकी कुणाची तरी पुढची नियमावली आलेली असेल, तिच्यात ‘स्त्रिया’ या शब्दापुढे काय लिहिलंय ते मी बघेन.

कळावे,
आपली नम्र,
एक रुग्ण
(४१ मि.मी.)